ब्लांदीनच्या अंगातली लोकर

ब्लांदीन दारातून आत आली आणि युगेतनं मफलर नाकावर ओढला.

"शी! काय मेलंय का कुणाच्या पिशवीत?"

चर्चखालच्या त्या हॉलमध्ये आम्ही नऊ जण बाकांवर बसलो होतो. बर्फावर चालायचे जाळीचे जोडे भिंतीला टेकवलेले होते. रोझेरच्या वर्गात बर्फावरचं चालणं नंतर, आधी कपडे. एकेकानं त्याच्यापुढं उभं राहून अंगालगतच्या थरापासून सगळं दाखवायचं. सुती काही निघालं की घरी. "सुती कापड घाम पितं आणि वर टेकडीवर तुम्हाला गोठवतं," असं म्हणत तो एखाद्याचा मोजा दोन बोटांत धरायचा, मेलेला उंदीर धरावा तसा.

ब्लांदीनला त्यानं दोन हिवाळे परत पाठवलं होतं. एकदा सुती विजारीसाठी, एकदा मोज्यांसाठी. यंदा रोझेरचे गुडघे बोलू लागले होते. हा त्याचा शेवटचा वर्ग, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

एकतीस वर्षं ती डुकरांच्या कत्तलखान्यात आतडी धूत होती. सकाळी अंधारात आत, संध्याकाळी अंधारात बाहेर. टेबलासमोरच्या खिडकीतून टेकडी दिसायची. टेकडीपलीकडं तळं. उन्हाळ्यात तिकडं नुसती दलदल आणि चावऱ्या काळ्या माश्या. जायचं तर हिवाळ्यातच, आणि वाट रोझेरलाच ठाऊक. तिला ते तळं बघायचं होतं, बाकी काही नाही.

तिनं कोट काढला. आत गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध लोकरीचा पोशाख होता, मूळचा लाल, आता काळपट. त्याबरोबर वास मोकळा सुटला. खवट चरबी, तंबाखू, कापूर आणि पुरुषाचा जुना घाम. चाळीस वर्षं मी शाळेत मुलांच्या ओल्या बुटांत काढली, पण हे वेगळंच होतं.

"बाबांचा आहे," ब्लांदीन म्हणाली. "लाकूडतोडीच्या छावणीतला."

"धुतलास तरी का नाही गं?" युगेत मफलरमधून म्हणाली.

"धुतली की लोकरीतलं तेल जातं, ती उघडी पडते. बाबा सांगायचे. हिवाळाभर धुवायची नाही."

सगळ्यांनी रोझेरकडं पाहिलं. त्याचा बापही छावणीतलाच. त्यानं तोंड वाकडं केलं, बाही चिमटीत धरली, सोडली, बोटं विजारीला पुसली.

"लोकर आहे," तो नाइलाजानं म्हणाला. "पण छी, छी, छी! ब्लांदीन, रांगेत शेवटून दुसरी राहा. वारा समोरून आहे."

"नाताळात माझ्या हाताखालून गेलेलं मांस भरून भाजलेली तुर्तिएर खाताना कुणी नाक धरलं नव्हतं," ती म्हणाली, आणि बुटांच्या नाड्या बांधायला वाकली.

युगेत पुढच्या बाकावर सरकली. ब्लांदीननं ते पाहिलं. चर्चमध्येही लोक असेच सरकायचे. मीसुद्धा सरकले आहे.

शेवटी चालायला मी होते, म्हणजे तिच्या बरोबर मागं. वारा समोरून येत होता आणि चढाला लागल्यावर ती तापली, तसा तो वास मला तोंडात जाणवू लागला. मी तोंड वळवून श्वास घेत होते.

पहिल्या वळणावर, जिथून हॉलचं छप्पर अजून दिसतं, रोझेर थांबला. इथं मागच्यानं पुढच्याच्या पाठीत उघडा हात घालायचा. पाठ ओली तर माणूस परत.

"बाई, घाला हात," तो मला म्हणाला.

मी हातमोजा काढला आणि तशीच उभी राहिले. हात न लावता "ओली" म्हटलं असतं तर कुणी पडताळलं नसतं. कुणाला पडताळायचं नव्हतंच. युगेत तर आशेनं बघत होती.

ब्लांदीन पाठमोरी होती. ती हळू म्हणाली, "घाला ना बाई. मला माहितीय कसं वाटतं ते. आतडी धुताना मीही पहिल्या दिवशी ओकले होते."

मी हात घातला. लोकर चिकट होती, तेलकट. माझी नखं तिच्यात रुतली आणि अंगावर शहारा आला. आत तिची पाठ मात्र ऊबदार होती. मी हात वर नेला, खाली नेला.

"कोरडी," मी म्हणाले. "अगदी कोरडी."

"आता बाईंची कोण बघणार? त्यांच्या मागं कुणी नाही," रोझेर म्हणाला.

"मी बघते." ब्लांदीननं वळून माझ्या कॉलरमधून हात आत सरकवला. थंडीच्या धास्तीनं मी दोन स्वेटर चढवले होते.

"चिंब," ती म्हणाली.

"अगं, जरासा घाम..."

"चिंब आहे, बाई. परत जा."

रोझेरनं मान डोलावली. रांग पुढं निघाली. शेवटची जागा आता युगेतकडं आली, आणि ती चरफडत ब्लांदीनच्या मागं चालू लागली. ब्लांदीननं एकदाही वळून पाहिलं नाही. तिची पावलं लांब पडत होती. झाडीत शिरेपर्यंत मी बघत राहिले.

मग खाली उतरताना मूठभर बर्फ घेऊन मी हात चोळला. वास गेला नाही. घरी साबणानं तीनदा धुतला, तरी संध्याकाळी चहाचा कप ओठांशी नेला की तो येतच होता. मी कप डाव्या हातात घेतला आणि खिडकीतून टेकडीकडं बघत बसले. मंडळी अजून तळ्यावरून उतरली नव्हती.