मामीचं लिव्हर आणि माझी पीएचडी

नातेवाइकांत मी लिव्हरची डॉक्टर म्हणून ओळखली जाते. खरं म्हणजे मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या लिव्हरवर काम करते. शरीराची प्रतिकारशक्ती बिथरते, आपल्याच लिव्हरवर उलटते आणि त्याला सूज आणते, ते आजार माझे. माणसाला साधी क्रोसिन द्यायचासुद्धा मला अधिकार नाही. पण कळंबच्या माझ्या मामीला हे कोण सांगणार?

संक्रांतीला गेले होते, तर हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांपुढं मामीनं मला उभंच केलं. "माझी भाची हाय. दोन शब्द बोल गं." मला एरवी कुणी बोल म्हणत नाही, त्यामुळं मी सुटलेच. प्रतिकारशक्ती नुसती जास्त असून भागत नाही, ती ताळ्यावरही असावी लागते, वगैरे वगैरे. बायका वाण कधी मिळतंय याची वाट बघत होत्या. शेवटी एकीनं विचारलं, "मग गुळवेलीचा काढा चांगला न्हवं?"

माझ्या तोंडात तिळाचा लाडू होता. मी मान डोलावली. लाडवाचं निमित्त झालं, खरं तर तो प्रश्न मला किरकोळ वाटला होता.

मामीच्या पेरूच्या बागेकडेला कडुलिंबावर गुळवेल चढलेली आहे. दुसऱ्या दिवसापासून मामीचा काढा सुरू. सकाळी सकाळी भरल्या पेल्याचा फोटो यायचा आणि मी, एवढी शिकलेली बाई, त्यावर अंगठ्याचा इमोजी टाकून मोकळी व्हायचे.

उन्हाळ्यात मामाचा फोन आला. मामीचे डोळे पिवळे झालेत, अन्न बघवत नाही. गावात कुजबुज सुरू झाली होती, कारण लिव्हर बिघडलं की लोकांना आधी दारू आठवते. मामी आजारपणातही खवळली होती. "जन्मात थेंबाला शिवले न्हाय मी! आन् ह्यो दर शनवारी बसतो, त्याला काय धाड भरली न्हाय!"

मी तशीच एसटीनं निघाले. जीव घाबरा झाला होता, खोटं कशाला बोलू. पण एक आगाऊ कोपरा खूशही होता. माझा आजार, आणि साक्षात माझ्या घरात! बारामती येईपर्यंत माझं निदान पक्कं झालं होतं.

बारामतीच्या डॉक्टरांना मामीनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ही माझी भाची. लिव्हरवर पीएचडी हाय." काविळीच्या नेहमीच्या विषाणूंच्या तपासण्यांत काही निघालं नव्हतं, आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या अँटिबॉडी मात्र थोड्या वाढलेल्या होत्या. झालं, मी त्या माणसाला त्याच्याच खुर्चीसमोर बसून शिकवायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. "असू शकतं," ते म्हणाले. "मग सुईनं लिव्हरचा तुकडा काढून बघू. तसं निघालं तर स्टिरॉइड, कदाचित कायमचं."

मग त्यांनी मामीला विचारलं, "काढा, झाडपाला, असं काही घेता का?"

मामीनं माझ्याकडं बघितलं. "न्हाय बा. कायबी न्हाय."

ती विसरली असेल असं मला क्षणभर वाटलं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि कानशिलं तापली. अरे देवा, ही बाई मला सांभाळून घेत होती!

"घेते," मी म्हणाले. "गुळवेलीचा. रोज. मीच हो म्हटलं होतं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्ही नक्की काय करता म्हणालात?"

"उंदरांवर काम करते," मी म्हणाले.

सुई टळली. काढा बंद केल्यावर रिपोर्ट सावकाश उतरत गेले आणि डोळे निवळले. काही जणांची प्रतिकारशक्ती गुळवेलीनं अशी बिथरते, हे मी स्वतः शोधनिबंधांत वाचलेलं होतं. पण ते पेपरातल्या लोकांना होतं, मामीला नाही, अशी माझी काहीतरी समजूत असावी.

पण त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मामी माझ्यावर जाम चिडली होती. "कशाला बोललीस गं? घरी जाऊन गुपचूप बंद केला असता की मी."

"मामी, अगं मेली असतीस!" मी रस्त्यातच ओरडले. मला भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं.

"ते ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यो डॉक्टर आता चार जणांत तुला हसंल, त्याचं काय?" तिचे ते पिवळेधमक डोळे भरून आले होते, आणि काळजी सगळी माझी होती.