प्लगवरचा लाल ठिपका

आर्वीतल्या एका सज्जन मेकॅनिकचा धंदा माझ्या तोंडामुळे बसला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आज सकाळी अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं, पेट्रोलचा आणि जळक्या तेलाचा ओळखीचा वास नाकात शिरला, आणि तो माणूस हातातल्या पान्यासकट डोळ्यांसमोर उभा राहिला.

माझा स्वभावच संशयी. दूधवाल्यासमोर भांडं तिरपं करून बघणारा मी, गाडी कुणाच्या हाती सोडून चहाला जाणं शक्यच नव्हतं. झिजलेले स्पार्क प्लग बदलायचे होते, तेव्हा नवे चार मी स्वतः आणले आणि प्रत्येकाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. तोही अगदी खालच्या टोकाशी, जिथे ठिणगी पडते तिथे, म्हणजे मेकॅनिकच्या लक्षात येऊ नये. तो हसून म्हणाला, "साहेब, काऊन असे डोक्यावर उभे राह्यले? प्लग काई पळून नाई जात." काम झाल्यावर जुने चार त्याने रिवाजाप्रमाणे कागदात बांधून दिले. "मोजून घ्या, नाई तर झोप नाई लागन तुमाले." मी खरंच मोजले. वर मनात आलंच, हे माझेच कशावरून?

महिन्याभराने गाडी अडखळली. घरीच एक प्लग काढून पाहिला. काळाकुट्ट, ठिपका नाही. बस स्टँडजवळच्या टपरीवर, चारचौघांत, मी मोठ्याने सांगून टाकलं, "तो जुनेच घासून बसवते." एकजण म्हणाला, "काय सांगता भाऊ! मीबी तिथंच गाडी देतो ना!" बोलणं गावभर फिरायला आठवडासुद्धा लागला नाही. मग एकदा तो दारात आला. आत आला नाही. "काई चुकलं असन तर मले सांगाचं होतं, साहेब. लोकाइले काऊन सांगतलं?" मी म्हणालो, मी कुणाला काहीच बोललो नाही. तो दारातूनच परत फिरला. वर्षभरात दुकान बंद करून तो आपल्या गावी, रोहण्याला, शेतीकडे वळला.

तेव्हापासून गाडीचं काम मी घरीच करतो. गेल्या महिन्यात पुन्हा नवे प्लग बसवले आणि जुन्या खोडीने, कुणावर पाळत ठेवायची नसतानाही, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तोच ठिपका त्याच जागी लावला. आज माझ्याच हातावर शंका आली, घट्ट बसलेत की नाही. चारही काढले. एकावरही ठिपका नव्हता. मधल्या काळात गाडीला माझ्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. आगीच्या तोंडाशी लावलेला रंग जळून जाणार, एवढी साधी गोष्ट कळायला मला इतकी वर्षं लागली. चार प्लग ओंजळीत घेऊन बराच वेळ अंगणात बसून होतो. संशय घ्यायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही.

रोहण्याला जाऊन त्याची माफी मागणं, आणि मग त्याच टपरीवर, तितक्याच मोठ्या आवाजात, चूक माझी होती हे सांगणं, एवढं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.