मला न विचारता कुंकू का पुसलंस?

१९५६ साली, गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, पाटणकर बाजारात, एका चार वर्षांच्या मुलीने एका विधवा बाईला विचारलं, "मला न विचारता कुंकू का पुसलंस?" दोघी त्याआधी एकमेकींना भेटलेल्या नव्हत्या. त्या वेळी तिथे चार मोठी माणसं होती. त्यातला मी एक.

मुलगी माझी भाची, नलू. मी तेव्हा ग्वाल्हेरच्या एका हिंदी दैनिकात उपसंपादक होतो. पुनर्जन्माच्या बातम्या आमच्याकडे महिन्यातून एखादी यायची आणि मी ती टोपलीत टाकायचो. कर्म, पूर्वसंचित, मागच्या जन्मीचं देणं — हे शब्द मी लहानपणापासून ऐकले ते नेहमी दुसऱ्याच्या दुःखाबद्दल. स्वतःच्या दुःखाबद्दल कोणी ते इतक्या सहज वापरत नाही. त्यामुळे माझा विश्वास नव्हता एवढंच नाही, मला त्या शब्दांची चीड होती... आजही आहे. म्हणून जे घडलं ते घडलं तसंच सांगतो.

कुसुमताई, माझी थोरली बहीण, जनकगंजमध्ये भाड्याच्या घरात राहायची. तिचे यजमान — मी त्यांना दाजी म्हणायचो — मध्यभारत सरकारच्या सचिवालयात कारकून. मध्यभारत मोडून नवं राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, हे तोवर नक्की झालं होतं. ग्वाल्हेरचे कारकून कपाटांसकट भोपाळला निघणार होते. घराघरांत बांधाबांध सुरू होती.

भोपाळचं नाव निघालं आणि नलूने जेवण सोडलं. ती म्हणायची, "मी नाही येणार. माझं घर इथं आहे. पाटणकर बाजारात. खाली बांगड्या, वर मी." बोलायची ती मुलग्यासारखी — मी जायचो, मी घोड्यावर बसायचो. ताईने आधी हसण्यावारी नेलं, मग रागावून पाहिलं. एका एकादशीला साबुदाण्याची ताटली पुढे आल्यावर नलूने मटण का नाही म्हणून विचारलं, तेव्हा मात्र ताईच्या सासूबाई पानावरून उठल्या.

"तू पेपरवाला आहेस ना," ताई मला म्हणाली. "घेऊन जा तिला, दाखव बाजार, आणि खोटं आहे हे तिच्या डोक्यात घाल. निघायच्या आधी हे मिटलं पाहिजे. ह्या घरात मला जगणं मुश्किल केलंय सगळ्यांनी."

मी आधी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं. ताई बांगड्या भरायला महाराज बाड्यावरच्या बाजारात जायची. पाटणकर बाजारात ह्या घरातल्या कोणाची ओळख नव्हती. नलूला तिकडे कोणी नेलेलं नव्हतं. कामवाली बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एवढं करूनही, कुठून तरी काही तिच्या कानावर पडलंच नसेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. लष्कर तेव्हा लहान होतं.

बाजारात बांगड्यांची तीन दुकानं लागली. पहिलं आलं तेव्हा मी मुद्दाम थांबलो. "हे का?" नलूने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच मूर्ख. दुसरं तिने पाहिलंही नाही. तिसऱ्याच्या बाजूचा जिना ती चढू लागली. दुकानदार ओरडला, "अरे बाबूजी, बच्ची कहाँ जा रही है? ऊपर तो जमादारिन रहती हैं."

वर दोन बायका मेथी निवडत होत्या. थोरल्या त्या आक्का आणि धाकट्या त्यांच्या विधवा जाऊबाई, यशोदाबाई. यशोदाबाईंचे यजमान हणमंतराव संस्थानच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, जमादार होते. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, आणि पाठोपाठ विषमज्वराने जमादार गेले. ही १९५० ची गोष्ट. नलूचा जन्म १९५२ चा. जमादारांना मूलबाळ नव्हतं. यशोदाबाई थोरल्या दिरांच्या, दत्ताजीरावांच्या घरात राहत होत्या. ही सगळी माहिती मला नंतर मिळाली. जिना चढताना मला कोणाचं नावही ठाऊक नव्हतं.

नलू थेट यशोदाबाईंसमोर जाऊन उभी राहिली. त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा लाल झाला. लहान मूल हट्टाने चिडतं तसा तो राग नव्हता. आवाज ऐकून आतल्या खोलीतून बाहेर आलेले दत्ताजीराव दारातच थबकले.

"मला न विचारता कुंकू का पुसलंस?" नलू म्हणाली. "सांगितलं होतं ना, मला विचारल्याशिवाय पुसायचं नाही?"

यशोदाबाईंच्या हातातली जुडी खाली पडली. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला — चार वर्षांच्या पोरीसमोर. मग म्हणाल्या, "मी नाही पुसलं. ह्यांनी पुसलं," आणि आक्कांकडे बोट दाखवलं.

त्यांनी नंतर मला सांगितलं ते असं. शेवटच्या दुपारी खोलीत त्या एकट्याच होत्या. तापात जमादारांनी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, मला विचारल्याशिवाय कपाळ पुसायचं नाही. तासाभरात ते गेले. आक्कांनी आणि शेजारणींनी हात धरून कुंकू पुसलं. मरणारा माणूस असं म्हणाला होता हे सांगितलं तर लोक वेडी म्हणतील, म्हणून यशोदाबाईंनी ते वाक्य कोणाला सांगितलं नाही. आक्कांनाही नाही. मी आक्कांना वेगळं विचारलं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक असतं तर तिथल्या तिथं गप्प केलं असतं."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या बाजारात झाली. माझ्या संपादकांनी दोन कॉलम मागितले. मी दिले नाहीत.

लोकांनी गोष्टीवर लगेच विश्वास ठेवला, ह्याचं मला नवल वाटलं नाही. त्यांनी पुढे काय विचारलं ते ऐका. ती पोर घाबरली आहे का, ती बाई गेली सहा वर्षं कशी जगली — हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की पुरुषाचा जन्म होता आणि बाईचा मिळाला, म्हणजे जमादाराने काय पाप केलं असेल? नळावर, दुकानात, देवळाच्या पायरीवर, हाच प्रश्न. कोणाला रिसाल्यातली कुठलीशी बाई आठवली. कोणाला दारू आठवली. जिवंतपणी ज्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं नव्हतं, त्या माणसाची आठवड्याभरात लक्तरं झाली.

पितृपक्षात जमादारांची तिथी आली. दत्ताजीरावांनी मला बोलावून घेतलं. "काडी तुम्ही लावलीत, पेपरवाले. आता समोर बसा," म्हणाले. गुरुजी आले होते, पण पाटावर बसायला तयार नव्हते.

"पिंड द्यायचा कोणाला?" गुरुजी म्हणाले. "जीव तर परत आलाय. आणि आला तोही असा. पुरुषदेह लाभलेला जीव स्त्रीदेहात उतरतो, तेव्हा हातून मोठं काहीतरी घडलेलं असतं."

"माझा भाऊ तसा नव्हता," दत्ताजीराव म्हणाले.

"मग सहधर्मचारिणीकडून काही राहिलं असेल. अर्धा वाटा तिचा असतो. प्रायश्चित्त त्यांनी घ्यावं, मग पुढचं बघू."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "जमादार मराठा होते. मुलगी ब्राह्मणाच्या घरात आली. तुमच्याच हिशेबाने ही बढती झाली की नाही?"

"मिश्र कर्म," गुरुजी म्हणाले. "छापखान्यात बसून ते कळायचं नाही."

स्वयंपाकघराच्या दारातून यशोदाबाईंचा आवाज आला. आवाज चढलेला नव्हता. "गुरुजी, बाईचा जन्म पापाने मिळतो, तर तुमच्या आईनं काय केलं होतं?"

त्या बाहेर आल्या.

"लग्न झाल्यापासून दर वर्षी वडाला फेऱ्या घातल्या मी. इथल्या बायका अमावास्येला जायच्या, आपण पौर्णिमेला. कथा तुम्ही वाचायचात. सात जन्म हाच नवरा मागून घ्या म्हणायचात. आठवतं?"

"तो संकल्प सवाष्णीचा, बाई. देह गेला, नातं संपलं."

"नातं देहाबरोबर संपलं. आणि पाप तेवढं मागून चालत आलं? ते बरं नाही संपलं? आणि त्यातला अर्धा वाटा माझा?"

"यशोदाबाई, आत जा," दत्ताजीराव म्हणाले.

"जाते भाऊजी. आधी मला एकच सांगा. ती पोरगी म्हणजे तेच आहेत की नाहीत?"

गुरुजी म्हणाले, "तसं तुम्हीच मानता ना."

"मी अजून तोंड उघडलेलं नाही. तुम्ही मानलंत. मानून पाप माझ्या पदरात टाकलंत. तेच असतील तर ते जिवंत आहेत, जनकगंजात आहेत, मग मी विधवा कशी? आणि तेच नसतील तर पाटावर बसा, पिंड द्या आणि माझ्या नवऱ्याबद्दल बोलणं बंद करा. दोन्ही एकदम चालणार नाही."

गुरुजींनी पंचांग पिशवीत घातलं. यशोदाबाई देवघरापाशी गेल्या, करंडा उघडला आणि कुंकू लावलं. आक्कांनी धावत जाऊन मनगट धरलं, पण तोवर लावून झालं होतं. "मागच्या वेळी तुम्ही चौघी होतात," यशोदाबाई म्हणाल्या. "आज एकट्या आहात. सोडा हात." आक्कांनी सोडला.

श्राद्ध झालं नाही. गुरुजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून नळावर यशोदाबाईंच्या बादलीमागे कोणी बादली लावेना. दत्ताजीरावांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

जनकगंजात वेगळा उपाय चालला होता. मागचा जन्म आठवणारं मूल जगत नाही, असं शेजारच्या हिंदी बायकांनी ताईच्या सासूबाईंना सांगितलं होतं. त्यावर तोडगाही सांगितला होता — कुंभाराच्या चाकावर बसवून उलटं फिरवायचं, म्हणजे आठवण उतरते. मला बातमी लागून मी पोहोचलो तेव्हा नलू चाकावर होती. दाजी दोन्ही खांदे दाबून धरत होते आणि चाकाबरोबर ओणव्याने फिरत होते. कुंभार म्हणत होता, "बस करो बाबूजी, बच्ची है." नलू ओकली, तरी थांबले नाहीत.

मी दाजींना ढकललं. मेहुण्यावर हात टाकण्याची ती माझी पहिली आणि शेवटची वेळ. ते म्हणाले, "मला सरकारी नोकरी करायचीय. भोपाळात नवा साहेब, नवी माणसं. तिथं हिला बघायला रांग लागलेली मला नकोय." ताई भिंतीला टेकून उभी होती. मी तिला विचारलं, तू का बोलली नाहीस? ती म्हणाली, "जगली पाहिजे ना रे ती."

त्यानंतर नलूने पाटणकर बाजाराचं नाव काढलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं. ती म्हणाली, "मामा, मला बांगड्या आणायच्यात का?" बोलतानाही ती आता मी जाते, मी येते असंच म्हणायची.

दिवाळी झाली आणि ते निघाले. स्टेशनवर सगळं सचिवालयच लोटलं होतं — ट्रंका, वळकट्या, पाटे-वरवंटे, कुंड्यांतल्या तुळशी. यशोदाबाई माझ्याबरोबर आल्या होत्या. ताईने त्यांना नलूजवळ जाऊ दिलं, सासूबाईंनी तोंड फिरवलं. यशोदाबाई नुसत्या समोर उभ्या राहिल्या. नलूने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि आईला विचारलं, "ह्या काकू कोण?"

गाडी गेली. टांग्याने आम्ही परतलो. घरी जिन्याच्या वरच्या पायरीवर आक्का वाट बघत होत्या. "ओळखलं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आता तरी पूस. संपलं ना सगळं."

"पुसायचं तर त्यांना विचारून पुसायचं," यशोदाबाई म्हणाल्या. "असं सांगितलंय. विचारायला आता कोणी राहिलं नाही. तेव्हा राहू दे."

ते वाक्य नलूच्या तोंडी कुठून आलं, ह्याचा खुलासा मला आजवर मिळालेला नाही. तर्क पुष्कळ केले. त्या शेवटच्या दुपारी जिन्यात कोणी उभं असेल, बांगडीवाल्याने वरचं ऐकलं असेल, यशोदाबाई झोपेत बोलल्या असतील. एकही पुराव्याला उतरला नाही. नलू आज भोपाळला बँकेत आहे. तिला चाक आठवतं, बाकी काही नाही. कुठल्याही पाळण्यात बसली तरी तिला ओकारी येते.

यशोदाबाई १९७१ च्या थंडीत गेल्या. मी पोहोचलो तेव्हा माणसं जमली होती. आक्का पाऊणशेच्या पुढे होत्या, डोळ्यांनी त्यांना नीट दिसत नव्हतं. कोणीतरी कपाळ पुसायला ओलं फडकं आणलं. आक्कांनी ते काढून घेतलं, करंडा मागितला, बोटाने चाचपत कपाळ शोधलं आणि कुंकू लावलं.