बसून कापलेले दोरे

आमची वहिनी भांडकुदळ आहे असं कुणी म्हणालं, तर मी अजूनही अंगावर धावून जाते. भांडकुदळ मी आहे. वहिनी उभ्या जन्मात एकाच गोष्टीसाठी भांडली. खुर्चीसाठी.

शिवणकारखान्यात मी मशीनवर असायचे. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, पलीकडच्या टेबलाशी तयार कपड्यांचे लोंबते दोरे कापायची. दोरे कापणाऱ्या बायकांनी उभंच राहायचं, अशी तिथली रीत. का, तर म्हणे बसलं की डुलकी लागते! हा शोध लावणारे साहेब स्वतः दिवसभर गुबगुबीत खुर्चीत. त्यांना बरी डुलकी लागत नव्हती! घरी आली की वहिनी भिंतीला पाय टेकून पडायची. पिंढऱ्यांवरच्या शिरा नुसत्या टरारलेल्या. साहेबांनी कधी "काही अडचण?" विचारलं, की बाकीच्या माना खाली घालायच्या. वहिनी म्हणायची, "खुर्ची द्या." साहेब हसून पुढे जायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

मग साथ आली. शर्ट बाजूला ठेवून आम्ही डॉक्टरांचे गाऊन शिवायला लागलो. जेवणाच्या खोलीत माणसांत अंतर हवं म्हणून निम्म्या खुर्च्या जिन्याखाली रचल्या, वर लाल फुल्या चिकटवल्या. भावाची टॅक्सी बंद. घर आम्हा दोघींच्या पगारावर. त्यानं वहिनीला हात जोडले, "या दिवसांत तोंड उघडू नकोस गं बाई." तिनं ऐकलंही.

पण मुख्य कचेरीला आमच्या मनःशांतीचा पुळका आला ना! एका दुपारी मशीनं थांबवली, पडदा लावला. पडद्यावरची बाई साखरेच्या आवाजात म्हणाली, "डोळे मिटा. खोल श्वास घ्या. आता आपले पाय जमिनीवर टेकलेत, हे जाणवू द्या."

"सकाळपासून जाणवतंय, बाई!" वहिनी ओरडली. "आता उचलू द्या की!"

सगळा हॉल हसला. वहिनी तरातरा जिन्याखाली गेली, फुलीवाली एक खुर्ची फरफटत आणली, टेबलाशी मांडली, बसली आणि कात्री चालवायला लागली.

"उठा, नाहीतर घरी जा," साहेब जवळ येत म्हणाले.

"लांबून बोला, साहेब. अंतर ठेवायचंय ना?"

माझ्या मनात आलं, हिची नोकरी गेली तर खायचं काय? पण बाई उठली नाही. बाहेर हॉस्पिटलच्या मालाचा ट्रक थांबला होता, हिला हाकललं तर दोरे कापणार कोण? साहेब दातओठ खात निघून गेले. संध्याकाळी मात्र जिन्याखालच्या खुर्च्यांना साखळी आणि कुलूप.

सकाळी आम्ही निघालो, तर भाऊ दारात. आमच्या घरातली एकुलती एक खुर्ची त्याच्या खांद्यावर.

वहिनी बघतच राहिली. "अहो, तुम्हीच म्हणाला होतात ना..."

"तोंड उघडू नकोस म्हणालो होतो. बसू नकोस असं कुठं म्हणालो?"

गेटवर पोचतो तर काय, दोरे कापणाऱ्या सगळ्या जमलेल्या! कुणी स्टूल आणलेलं, कुणी पालथी बादली, एकीनं तर रंगाचा रिकामा डबा. वॉचमन म्हणाला, हे आत नेता येणार नाही.

"बरं," वहिनी म्हणाली. "मग इथंच बसतो." आणि बसल्या सगळ्या, ट्रकच्या वाटेत, अंतर ठेवून!

दुपारच्या आत कुलूप निघालं.

पुढे साथ ओसरली, पडद्यावरची बाईही बंद झाली. खुर्च्या टेबलाशीच राहिल्या. वहिनीच्या पायांच्या शिरा मात्र तशाच आहेत. त्याबद्दल मी त्या लोकांना माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

परवा ती निवृत्त झाली. साहेबांनी गोडगोड भाषण केलं, गुच्छ दिला, आणि तिच्या मानासाठी सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.

वहिनी खेकसली, "मेले नाही मी अजून! उभं काय राहताय? बसा!"

सगळ्यांच्या आधी साहेब बसले.