ओकाचं आजारपण

आमच्या घरात आजारी पडण्याचा मान फक्त ओकाच्या झाडाला होता.

विलायतेला परतणाऱ्या साहेबानं ते शोभेचं रोप कुंडीसकट आमच्या ह्यांना दिलं होतं. हे मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या जंगलखात्यात. कायम जळगाव-जामोदकडच्या रानात, तंबूत. बुलढाण्याच्या घरात मी, सासूबाई आणि ओक. (सासूबाई देवाशी बोलत, ओक कोणाशीच नाही!)

मला हिवताप आला तेव्हा ह्यांनी जंगलाचा पहारा करणाऱ्या नाकेदाराच्या हाती क्विनाइन पाठवलं. ओकावर माव्याची कीड पडली तेव्हा मात्र स्वतः घोड्यावरून धावत आले! तंबाखूच्या पाण्यानं एकेक पान धुतलं, दोन दिवस राहिले. मी मनातल्या मनात माव्याला आशीर्वाद दिले.

ते गेले आणि घर पुन्हा गप्प झालं. मला फार एकटं वाटे. पण 'घरी या' असा निरोप नव्या सुनेनं द्यायचा कसा? दारात निरोप न्यायला आलेला नाकेदार, ओसरीवर सासूबाई!

"घरी समदं बरं हाय ना, बाई?" नाकेदारानं विचारलं.

"बरं हाय. पन झाडाले भुरी आली म्हना."

बुरशी कसली, पानांवर चुलीची राख उडून बसली होती! हे गंधक घेऊन आले, भुकटी उडवून गेले. पुढच्या खेपेला मला एक अळी दिसली. निरोपात तिच्या शंभर झाल्या. हे पुन्हा हजर!

"काऊन वं, ह्या झाडाले सदा काही ना काही होऊन राह्यलं?" म्हणत सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी ओकाची दृष्ट काढली. खोकून खोकून आम्ही दोघी बेजार, ओक मजेत.

शेवटी मी धीर करून वाळवीचा निरोप धाडला. हे आले ते बैलगाडी घेऊनच! गाडीत मऊ गवत अंथरलेलं. मला न्यायला आले! मी धावत आत गेले, पेटी भरली, ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आले.

हे आणि नाकेदार मिळून कुंडी गाडीत चढवत होते.

"इथली हवा त्याले मानवत नाही," हे म्हणाले. "तंबूजवळ ठेवतो, डोयासमोर राहीन. अन् तू काऊन नटली वं?"

"देवळात जातो," मी म्हटलं.

"थांब, मी बी येतो," सासूबाई उठल्या. जावं लागलं.

पुढं निरोप आला, झाड ठणठणीत आहे. एवढ्या खटपटी करून मी घरातल्या एका जिवाला ह्यांच्याजवळ पोचवलं खरं. फक्त तो जीव माझा नव्हता!