फटफटीला थंडी बाधते

माझ्या फटफटीला थंडी बाधते, हे बाबांनी मला एका वाक्यात सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मी मास्तर होतो.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मेहकरपासून चार मैलांवरच्या शाळेत मी सायकलने जात असे. मग बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून ही जुनी फटफटी घेतली आणि गावात माझा रुबाब वाढला (शाळेत पोचायची वेळ मात्र तीच राहिली). साहेबाने सोबत एक इंग्रजी पुस्तिका दिली होती. तिची पहिली सात-आठ पानं उंदरांनी संपवली होती, उरलेली मी वाचली. त्यामुळे फटफटी चालू कशी करायची एवढं सोडून तिच्याबद्दल मला सगळं ठाऊक होतं. हँडलवर डाव्या हाताला एक बारकी दांडी होती. तिचा उपयोग उरलेल्या पानांत कुठे सापडला नाही, म्हणून मी तिला डब्याची पिशवी अडकवत असे.

उन्हाळा, पावसाळा बरा गेला. मार्गशीर्षात थंडी पडली आणि फटफटीने मान टाकली. पंचवीस किका मारल्या की ती एकदा खोकायची आणि पुन्हा गप्प. बाबा अंगणात शेकोटीपाशी बसून हे रोज बघत. डोक्याला उपरणं, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. दिवाळी झाली की बोळे आत जात, ते होळीलाच बाहेर येत.

"मास्तर," बाबा एका सकाळी म्हणाले (मी नोकरीला लागल्यापासून ते मला नावाने हाक मारत नसत), "तिले थंडी बाधून राह्यली."

"बाबा, ते यंत्र हाये. यंत्राले थंडी बाधत नाई. प्लगवर काजळी धरली."

"मंग उन्हाळ्यात काऊन नाई धरत काजळी?"

पुस्तिकेत याला उत्तर नव्हतं. मी प्लग काढला, घासला, आणि चुलीपाशी शेकायला ठेवला. माझी बायको भाकरी थापत होती. ती म्हणाली, "भाकर आधी टाकू का तुमचा पिलग?" मी दुर्लक्ष केलं. ज्ञानी माणसाच्या घरात असं चालायचंच.

आठवड्याने चमत्कार झाला. सकाळी तिसऱ्या किकला फटफटी चालू! प्लग घासल्याचा गुण आला हे मी शाळेत, बाजारात आणि न्हाव्याच्या दुकानातही सांगितलं. पण आता तिला नवीनच दुखणं जडलं. चालू व्हायची झटकन. मैल-दीड मैल गेली, अंगात ऊब आली, की धापा टाकायची, काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. प्लग काढावा तर तव्याच्या बुडासारखा काळा. घासला की पुन्हा मैलभर. पौषापर्यंत मी तो प्लग इतका घासला, की त्यावरची अक्षरंही गेली.

त्याच पौषात देऊळगाव राजाहून निरोप आला. गोदाआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, अंथरुणाला खिळली होती. तिचा मुलगा संध्याकाळच्या एसटीने आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "मामा, मायनं तुमाले बोलावलं. लवकर या. दिवसाचा भरवसा नाई." आणि मिळेल त्या ट्रकने रात्रीच परतला.

बाबा आणि आत्या नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. कारण माझं लग्न. त्यात आत्याचं पान दुसऱ्या पंगतीत मांडलं गेलं. वाढप्याची चूक होती, पण ती म्हणाली, "दौल्या, बहिणीले दुसऱ्या पंगतीत बसवलं तू," आणि हात न धुता उठून गेली. दौलतरावांना दौल्या म्हणणारं जगात तेवढंच माणूस उरलं होतं. बाबांनीही मग ताठा धरला.

निरोप ऐकून बाबांनी शेकोटी उकरली. मग म्हणाले, "एकडाव दौल्या म्हणाली म्हंजे झालं. सकाळच्या सातच्या गाडीनं जातो."

"एसटी कायले?" मी म्हणालो. "थांबे घेत घेत जाते ते. मी नेतो तुमाले फटफटीवर. दहाच्या आत बहिणीजवळ."

त्यांनी फटफटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, ते वाटंत बसंल."

"नाई बसत," मी म्हणालो.

ती सुलतानपूरच्या अलीकडेच बसली. मी प्लग घासायला घेतला. मागून सातची एसटी आली. बाबांनी हात वर केला आणि कंडक्टरने घंटी मारून गाडी उभीसुद्धा केली. तेवढ्यात माझी किक लागली. "चालू झाली बाबा, बसा, बसा," मी ओरडलो आणि कंडक्टरला रुबाबात हात हलवून पुढे जायला सांगितलं. एसटी गेली. पुढच्या मैलावर आम्ही पुन्हा उभे होतो.

बिबीपर्यंत सहा वेळा प्लग निघाला. बाबा दर वेळी मुकाट उतरायचे, शेताच्या धुऱ्यावर बसायचे, पुन्हा मुकाट चढायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे दोन-तीन मैल फटफटी ढकलत आम्ही दुसरबीडला आलो, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिथे विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या करीमभाईंचं टपरीवजा दुकान होतं.

मी त्यांना प्लगाविषयी पुस्तिकेतलं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि प्लगला हातही लावला नाही. सीटखाली बोटं घालून हवा आत घेणाऱ्या नळीच्या तोंडातून त्यांनी काहीतरी ओढलं. ते येतच राहिलं.

"अरे मास्तर, यात तर अख्खी उशी भरेल हाये. दम कुठून घेईन बिचारी?"

ओंजळभर कापूस निघाला. आमच्याच शेतातला, पांढराशुभ्र, एका अंगाने काळा झालेला. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली होती.

"वारं लागू नये म्हून घातला," ते हळूच म्हणाले. "लहानपणी गोदा माह्या कानात घालत होती. रातच्या पऱ्हाटी राखाले जागलीले गेलो का. मले वाटलं, हिलेही गुण येईन. आलता बी."

मला काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. दोष माझा नव्हता!

तिथून फटफटी वाऱ्यासारखी पळाली. तीन वाजता आम्ही आत्याच्या दारात होतो. तिचा मुलगा पुढे आला आणि म्हणाला, "मामा, बारा वाजेपर्यंत बोलत होती. तुमचंच नाव घेऊन राह्यली होती, दौल्या आला का, दौल्या आला का. मंग वाचा बसली."

बाबा तिच्या उशाशी बसले. "गोदे, आलो मी," म्हणाले. आत्याने डोळे उघडले. तिचे ओठ हलले. बाबांनी कानातला बोळा काढला आणि कान तिच्या तोंडाशी नेला. कितीतरी वेळ ते तसेच वाकून होते. शब्द काही फुटला नाही. मग तिचा हात चाचपडत त्यांच्या मुठीवर आला. मुठीतला बोळा तिने घेतला आणि पुन्हा त्यांच्या कानात घालायला लागली. तिला ते जमेना. मी बाहेर येऊन फटफटीजवळ उभा राहिलो.

दोन दिवसांनी आत्या गेली. बाबा तेरवीसाठी तिथेच थांबले. मला शाळा होती, म्हणून मी एकटा परतलो आणि वाटेत करीमभाईंचे आभार मानायला उतरलो.

"पण मास्तर, काकाजीनं कापूस घातलाच कायले?" त्यांनी विचारलं.

"थंडीत चालू होत नव्हती."

"मंग चोक नव्हते ओढत तुमी?"

"कोणता चोक?"

करीमभाईंनी हँडलवरच्या बारक्या दांडीला अडकवलेली माझी डब्याची पिशवी काढली, माझ्या हातात दिली आणि दांडी ओढून दाखवली. "हे हवा कमी करते. थंडीत गाडीचं नाक थोडं दाबा लागते, गरम झाली का सोडा लागते. काकाजीनं तेच केलतं. औषध बरोबर होतं त्यायचं, फक्त काढाचं राहून गेलं."

घरापर्यंत मी एकच वाक्य घोकत आलो: बाबा, चूक तुमची नव्हती, माझी होती. शाळेत नापास होणाऱ्या पोरालाही पाठ झालं असतं, इतकं सोपं वाक्य.

तेरवी करून बाबा आले. संध्याकाळी शेकोटीपाशी बसले. त्यांच्या कानांत कापूस नव्हता (पुढे कधीच नव्हता). म्हणाले, "माह्या कापसानं गोदाचा शब्द गेला, मास्तर."

वाक्य अगदी ओठावर होतं. मी म्हणालो, "जाऊ द्या बाबा. माणसाच्या हातून चूक होतेच." आणि मोठ्या मनाने त्यांना माफ केलं.

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. मी दांडी ओढली, आणि फटफटी पहिल्या किकला चालू झाली. बाबांनी शेकोटीवरून मान वर केली.

"आता काऊन बरी चालून राह्यली बाप्पा?"

"प्लग बदलला," मी म्हणालो.