आतली बाजू कोण बघतंय!

आता कुठून सुरुवात करू? हसायचं तर मोकळेपणी हसा, पण माझ्या सासूबाईंसमोर हा विषय काढू नका. त्या हा किस्सा माझ्यापेक्षा रंगवून सांगतात आणि दर वेळी त्यात माझी अक्कल थोडी आणखी कमी होते.

तर आमच्या घरी आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, जुनं शिलाई मशीन आहे. माझ्या डोक्यात पाऊच शिवून विकायचं खूळ शिरलं. आईंचं म्हणणं, मशीन भुसावळच्या नणंदेला देऊन टाकू, ती निदान ब्लाउज तरी शिवेल. बरीच घासाघीस झाल्यावर तह झाला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी स्वतः शिवलेलं वाण लुटायचं. कॉलनीतल्या एका जरी बाईने "मला अजून शिवून दे" म्हटलं, तर मशीन माझं. नाहीतर मशीन भुसावळला!

वाण म्हणजे आपल्याकडे काय, तर चहाची गाळणी नाहीतर प्लास्टिकची डबी. माझ्याकडे इतक्या गाळण्या जमल्यात की रोज एकीतून चहा गाळला तरी महिना निघेल. म्हणून मी ठरवलं, पारदर्शक पाऊच द्यायचे. दोन्ही बाजूंनी काचेसारखं व्हिनाइल, वर रंगीत चेन. आत काय ठेवलंय ते उघडायच्या आधीच दिसायला हवं.

व्हिनाइल शिवलंय का कधी तुम्ही? शिवू नका. टाचणी लावली की भोक कायमचं, म्हणून मी कपड्यांचे चिमटे लावले. टाका चुकला तर उसवायची सोय नाही. इस्त्रीचं तर नावच काढू नका, एक पाऊच इस्त्रीच्या बुडाला पापडासारखा चिकटला. आणि सुईखाली कापड दाबून धरणारा मशीनचा तो लोखंडी पाय या प्लास्टिकला असा धरून बसतो की पुढे सरकायचं नावच घेत नाही.

मोबाइलवर एका बाईने उपाय सांगितला. वर कागदाची पट्टी ठेवा, कागदासकट शिवा, मग कागद फाडून टाका. माझ्यासारखी हुशार बाई मीच! फळीवरच्या रद्दीतलं वरचं पान घेतलं, कात्रीने छान लांब पट्ट्या कापल्या आणि मशीन निघालं सुसाट. दुपारभर मी गाणी म्हणत शिवत होते.

पट्ट्या फाडून टाकायच्या होत्या, पण शिवणीत अडकलेला कागद निघता निघेना. मी म्हटलं, जाऊ दे. ब्लाउजही असेच शिवतात, उलटं शिवायचं, सुलटं करायचं, आतली बाजू कोण बघतंय? आता तुम्हीच सांगा, पारदर्शक पाऊचला आतली बाजू असते का? पण तेव्हा ते सुचलं नाही. कडेने बारीक अक्षरं दिसत होती, मला वाटलं, उलट फॅशनेबल दिसतंय.

हळदीकुंकू झोकात झालं. आई तेव्हा सावद्याला भावाकडे गेल्या होत्या. "सासूबाई दिसत नाहीत?" असं जी ती विचारत होती. मी वाण देण्याच्या गडबडीत "त्या गेल्या" एवढंच म्हणत राहिले. पाऊचमध्ये तिळगूळ भरला होता, त्यामुळे तेव्हा कुणाला काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भामरे काकू दारात. माहेर धुळ्याचं, कॉलनीतल्या सगळ्या बायका त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. मागे सोनवणे वहिनी. दोघींच्या डोक्यावर पदर, चेहरे पडलेले. चहा विचारला तर हातानेच नको म्हणाल्या. मी ओळखलं. पाऊच उसवले असणार, तक्रार घेऊन आल्यात!

काकूंनी माझा हात हातात घेतला.

"जे व्हनार ते व्हस माय. मन घट्ट कर."

म्हणजे सगळेच उसवले! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "माझीच चूक आहे काकू. पहिलीच वेळ, घाई केली."

काकू सोनवणे वहिनींकडे बघू लागल्या. वहिनींनी हळूच विचारलं, फार त्रास झाला का. मी शिवणीबद्दल म्हटलं, झाला ना, जागची हलतच नव्हती, शेवटी कागद लावून पुढे ढकलली. दोघींनी पदर तोंडाला लावला. आपल्या दुःखाची एवढी कदर करणाऱ्या शेजारणी मिळाल्या म्हणून मी जोरात रडायला लागले. मग त्याही रडायला लागल्या.

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली आणि केळीची फणी हातात धरून आमच्या आई आत आल्या. खोलीत तीन बायका रडताहेत. त्यांनी चप्पलही काढली नाही.

"काय व, कोन गेलं? मले कोनी सांगलं नाही."

भामरे काकू भिंतीला टेकल्या. "या त जित्त्या शेतस," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

मग वहिनींनी पिशवीतून दोघींचे पाऊच काढले. रिकाम्या पाऊचच्या कडेने अक्षरं स्वच्छ दिसत होती. एकावर "आमच्या मातोश्री यांचे दुःखद", दुसऱ्यावर "समस्त चौधरी परिवार", आणि दोन्हींवर "गंधमुक्ती रविवारी", म्हणजे सुतक फिटल्याचा विधी आणि जेवण. आम्ही चौधरी. आता आमच्या भागात दगड मारला तरी चौधरीला लागतो, पण सासू गायब असलेलं चौधरींचं घर कॉलनीत एकच! आई पेपरातलं कोण गेलं ते पान आधी वाचतात आणि फळीवर सगळ्यात वर ठेवतात, हे मला तेव्हा आठवलं.

बिचाऱ्यांना वाटलं, मी सासू गेल्याचं लपवून, सुतकात हळदीकुंकू केलं आणि वाणातच निरोप पाठवला. त्या दारावर, म्हणजे सांत्वनाला, आल्या होत्या. मी मात्र त्यांना मशीनची हकिगत सांगून रडत होते.

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. मशीन भुसावळला निघालं हे मला दिसत होतं. आईंनी चष्मा लावला, पाऊच हातात घेतला आणि शांतपणे सगळं वाचलं.

"रविवारी हाये म्हने माही गंधमुक्ती. सैपाक कोनाकडे हाये?"

भामरे काकूंना हसू आवरेना. हसता हसता त्या खाली बसल्या. आईंनी चेन दोनदा उघडून बंद केली, शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहिली. मग म्हणाल्या, शिलाई सरळ आहे, पोरीने मन लावून केलंय, मशीन राहू द्या इथेच. इतक्या दिवसांत त्या माझ्याबद्दल चांगलं बोलल्या ते पहिल्यांदाच. मला खरंच भरून आलं.

जाताना सोनवणे वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या मुलाचं दोन वर्षांपासून लग्न जुळत नाहीये. म्हणाल्या, मला चार पाऊच शिवून दे, पण त्यात वधू-वरांचं पान लाव.

त्या दिवसापासून मी कोरा कागद वापरते आणि पट्ट्या चिमट्याने शेवटपर्यंत ओढून काढते. काम हळूहळू वाढतंय. परवा नशिराबादहून एका अनोळखी बाईंचा फोन आला. बचत गटासाठी पाऊच हवेत म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "ज्यांनी जिवंत सासू वाणात वाटली, त्या तुम्हीच ना?"

मी म्हटलं, "हो, मीच. किती शिवू?"